रामरावच्या नावावरचं रक्त

जालन्यात भोकरदन नाक्यावरच्या रसवंतीत मच्छिंद्र ग्लास तोंडाला लावून उभा होता. मागून कुणीतरी "अरे ए पुंजाराम!" अशी हाळी दिली, आणि वळून पाहिलं ते रामरावने. झालं ते एवढंच. एप्रिलची दुपार, राजूरच्या जिपा माणसं कोंबून भरत होत्या, आणि अशा गर्दीत रोज हजार माणसं हजार माणसांना हाका मारतात, त्यात कुणाच्या बापाचं काही जात नाही. पण मच्छिंद्रला ठसका लागला. आलं घातलेला रस नाकात चढला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्या पाण्यातून तो रामरावकडे बघत राहिला. माणूस तोच होता. सव्वा महिन्यापूर्वी याच माणसाच्या दंडाला त्याने रबरी नळी आवळली होती, डाव्या कोपरातली जाड शीर बोटाने चाचपली होती, रक्त काढून बाटलीवर स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: रामराव, वय बत्तीस. बारा वर्षांच्या नोकरीत मच्छिंद्रने बाटलीवर एकदाही चुकीचं नाव लिहिलं नव्हतं. याचा त्याला गर्व होता. खरं तर गर्व करावा असं त्याच्याकडे दुसरं फारसं काही नव्हतंही.

"साहेब! वळखलं का?" तो माणूस आपणहून जवळ आला. खांद्याच्या पिशवीतून त्याने हळदकुंकू लावलेली एक पत्रिका काढून मच्छिंद्रच्या हातात ठेवली. "पंधरा दिवसांवर हाय लगीन. यावंच लागतंय बरं का." मच्छिंद्रने पत्रिका उघडली. चि. पुंजाराम आणि चि. सौ. कां. बेबीनंदा. "तुमचं लग्न?" त्याने विचारलं. "मंग कुणाचं? वहिनीचीच बहीण हाय, सख्खी. वहिनीनंच जमवलं. आता दोघी बहिणी दोघी जावा." "पण तुमचं नाव तर रामराव…" तो माणूस हसला, इकडे तिकडे बघून जरा वाकला. "ते दादाचं. त्या दिशी दादाला मोंढ्यात हरभरा घालायचा होता, अन् त्याला सुईचं भेव लई. म्हणला, पुंज्या तूच जा, सख्ख्या भावाचं रक्त एकच ऱ्हातंय. बराबर हाय ना साहेब?" आणि मच्छिंद्रने मान हलवली. का हलवली ते त्याला नंतर कितीही डोकं खाजवून सांगता आलं नाही. समोरचा माणूस हसत होता, लगीनघाईत होता, जीपवाला हॉर्न वाजवत होता, आणि अशा वेळी आपल्याकडे मान हलतेच. जीप गेली. रस तसाच राहिला.

उन्हातून लॅबकडे चालताना त्याच्या डोक्यात एकच चाललं होतं: म्हणजे तो तुकडा याचा. लॅब म्हणजे काय, कापडबाजाराच्या गल्लीत, औषधांच्या दुकानावरच्या मजल्यावर चार खोल्या. तीन खोल्यांत लघवी, साखर, मलेरिया, आणि चौथीत मच्छिंद्र. आधी दहा वर्षं तो बियाण्याच्या कंपनीत कापसाची गुणसूत्रं मोजायचा. लॅबच्या मालक डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी माणसाच्या गुणसूत्रांची तपासणी सुरू केली तेव्हा त्याला उचलून आणलं. कापसाची बावन्न, माणसाची सेहेचाळीस, काम सहाने कमी झालं, असं तो चारचौघांत गमतीने सांगायचा. पण काम कमी नव्हतं. रक्त तीन दिवस उबेत वाढवायचं, आणि वीज गेली की इन्व्हर्टरजवळ बाळंतिणीच्या खोलीबाहेर घुटमळावं तसं घुटमळायचं. मग काचेवर थेंब टाकायचा, रंग द्यायचा, सूक्ष्मदर्शकातून फोटो काढायचा, न्हाणीघराला काळा पडदा लावून केलेल्या अंधाऱ्या खोलीत तो धुवायचा. आणि त्यानंतर जे मच्छिंद्रला सगळ्यात आवडायचं ते काम: छोट्या कात्रीने फोटोतलं एकेक गुणसूत्र कापायचं, जुळवाजुळव करायची आणि जोडीने कागदावर चिकटवायचं. थोरल्यापासून धाकट्यापर्यंत, तेवीस जोड्या. पंखा बंद ठेवायचा, शिंकायचं नाही, दार उघडणाऱ्याला शिव्या घालायच्या. त्या रामरावच्या कागदावर अकरा नंबरच्या जोडीतलं एक गुणसूत्र जोडीला बसेना. शेपूट कमी पडत होतं. बावीस नंबरमधलं एक नको तितकं लांब होतं. त्याने वीस पेशी तपासल्या, वीसही पेशींत तेच. अकराचा तुकडा बावीसला आणि बावीसचा अकराला. अशा माणसाला स्वतःला काही होत नाही, सामान सगळं घरातच असतं, फक्त या खोलीतलं त्या खोलीत गेलेलं. गडबड होते ती वाटणी करताना, लेकराच्या वाट्याला देताना. कुठे जास्त जातं, कुठे कमी, आणि मग पोट राहतं आणि पडतं, राहतं आणि पडतं. रामरावच्या बायकोचं, कौसल्येचं, चारदा पडलं होतं. कागद पुरा झाला त्या संध्याकाळी मच्छिंद्रला, खोटं कशाला बोला, आनंद झाला होता. उत्तर सापडलं होतं. आणि आता ते उत्तर भलत्याच माणसाचं निघालं होतं.

रक्त घेतलं तेव्हा कौसल्या तिथेच बसली होती की. हे त्याला जिना चढताना आठवलं आणि तो मधल्या पायरीवर थांबला. त्या दिवशी लाकडी बाकावर एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला तो माणूस, मध्ये एक कापडी पिशवी. मच्छिंद्रने फॉर्म भरायला घेतला, "हेच का तुमचे मालक?" असं विचारलं, आणि तिने पदर कपाळावर ओढून खाली बघितलं. आता बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, नवऱ्याकडे बोट दाखवत नाही, हे काय मच्छिंद्रला नवं होतं? त्याची स्वतःची आई रेशन दुकानात "ह्यांचं नाव पोराला विचारा" म्हणायची. त्याने तिचं खाली बघणं हेच हो धरलं, आणि त्या माणसाने सही ठोकली. मग ती गप्प का बसली? तिलाही रक्त एकच वाटलं का? की सासूने, नवऱ्याने तसं बजावून पाठवलं होतं? की तिने विचारच केला नव्हता, चार वेळा दवाखान्यात तंगड्या पसरून पडलेली बाई कशाकशाचा विचार करणार? तो पायरीवर उभाच होता. वरून मलेरियावाला म्हणाला, "काय मच्छिंद्रभाऊ, जिना नवा घेतला काय?"

रिपोर्ट न्यायला ती झुंबरबाईंबरोबर आली होती. झुंबरबाई म्हणजे सासू, दंडावर चांदीचं कडं, आवाज असा की खालच्या दुकानदाराने वर बघावं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं: सूनबाईंच्या रक्तात काही नाही, दोष तुमच्या मुलाच्या गुणसूत्रांत आहे. झुंबरबाई कितीतरी वेळ कागदावरच्या काळ्या-पांढऱ्या अळ्यांकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "म्हंजी माझ्याच पोटात खोट." आणि रडल्या. एवढी मोठी बाई रडते हे बघून कौसल्याच घाबरली, तिच्या पाठीवरून हात फिरवू लागली. पुढच्या आठवड्यात झुंबरबाईंनी लॅबमध्ये कुरडयांचा डबा पाठवला. आणि डबा घेऊन आलेली कौसल्या जिन्यात मच्छिंद्रला म्हणाली होती, "भाऊ, नऊ वर्षांत पैल्यांदा सासूबाई मला वटी भरायच्या कार्यक्रमाला घेऊन गेल्या. आधी मला घर राखायला ठेवायच्या. आता गल्लीत कुणी काही बोललं की सासूबाईच आंगावर जातेत, म्हणतेत, कागद हाय आमच्यापाशी." बोलता बोलता ती हसली होती. चांगली हसायची बाई. मच्छिंद्र त्या दिवशी घरी जाऊन बायकोला, दुर्गाला, अभिमानाने म्हणाला होता की आज मी एका बाईचं घर सावरलं. सावरलं म्हणे. लोकाच्या रक्ताने.

या धंद्यात तो नुसत्या पगारासाठी आला होता असं कुणी म्हटलं तर ते खोटं. जाफराबादकडच्या त्याच्या घरी सोनूआत्या होती. बापाची थोरली बहीण, सात वर्षं नांदून परत आलेली. मूल नाही म्हणून. ती कुणाच्या अध्यातमध्यात नव्हती. ओसरीच्या कोपऱ्यात सरकी निवडत बसायची, आणि दाताखाली एक दाणा फोडून सांगायची, हे बी उगवणार न्हाई. बराबर सांगायची. बी पेरायच्या दिवशी मात्र तिला पाटीला हात लावू देत नसत. आणि मच्छिंद्र दहावीच्या पेपरला निघाला तेव्हा तिने दही-साखर पुढे केली, तर आईने लांबूनच डोळ्यांनी नको म्हटलं, आणि त्याने ती वाटी घेतली नाही. म्हणाला, भूक न्हाई. पंधरा वर्षांचं पोर ते, त्याला काय कळतं, असं स्वतःला सांगून बघितलं तरी ते त्याला पटत नसे, कारण त्याला कळत होतं. आत्याच्या नवऱ्याने दुसरी केली, तिलाही काही झालं नाही, तिसरीची बोलणी चालली होती तेवढ्यात तो मेला. तरीही आत्याला कुणी "तुझ्यात काही नव्हतं" असं म्हटलं नाही. म्हणायचं सुचलंच नाही कुणाला. ती सरकी निवडत गेली. कौसल्येचा कागद चिकटवताना मच्छिंद्रला आत्या आठवत होती, हे त्याने दुर्गालासुद्धा सांगितलं नव्हतं.

आता बघा पेच कसा पडला. खरं सांगावं, तर कौसल्येचा कागद जातो. कागद गेला की झुंबरबाईंचं रडणं जातं, वटी भरणं जातं, आणि रामराव छाती काढून म्हणायला मोकळा की माझ्यात काहीच नव्हतं. न सांगावं, तर बेबीनंदा, पत्रिकेवरची ती न पाहिलेली पोर, त्याच घरात त्याच बाजेवर एकामागून एक पोटं घालवणार, आणि तिच्याकडे कागदही नसणार, कारण दोष दादाच्या नावावर लिहून ठेवलाय. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. बरं, रामरावातही तोच तुकडा असू शकतो, दोघांना एकाच बापाकडून नाहीतर आईकडून आलेला. असेल. नसेल. अर्धाअर्धा संभव, आणि कौसल्येची चार पडलेली बघता अर्ध्याहून जास्तच, पण जास्त म्हणजे पक्कं नव्हे. मच्छिंद्र कागदाच्या मागच्या बाजूला आकडे मांडायचा आणि खोडायचा. जन्मभर तो जोड्या लावत आला होता, आणि इथे जोडीच लागेना.

शेवटी तो डॉक्टरांकडे गेला. डॉक्टर पेपर वाचत होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "फॉर्मवर सही कोणाची?" "त्या धाकट्या भावाची. रामराव म्हणून केलेली." "मग खोटं त्यांनी सांगितलं. आपण काय शिधापत्रिका तपासत बसायचं का?" "पण सर, रिपोर्ट चुकीच्या नावावर गेलाय." "मच्छिंद्र," डॉक्टरांनी चष्मा काढला, "त्या पोराचं रक्त आहे, त्या पोराला सांग. दुसऱ्या कुणाला सांगायचा तुला अधिकार नाही, मलाही नाही. तो म्हणाला तर त्याच्या नावाने नवा रिपोर्ट देऊ. आणि यापुढे नवऱ्यांचा काहीतरी पुरावा मागत जा." बोलणं चुकीचं होतं का? नव्हतं. मच्छिंद्रला ते चुकीचं निघालं असतं तर बरं वाटलं असतं.

त्याने एसटीडी बूथवरून त्यांच्या गावातल्या किराणा दुकानात फोन लावला. दुकानदाराने पोरगं पाठवलं, पुन्हा वीस मिनिटांनी लावला, तेव्हा पुंजाराम धापा टाकत आला. मच्छिंद्रने जमेल तितकं सोपं करून सांगितलं: ते रक्त तुमचं होतं, दोष तुमच्यात आहे, तुम्हाला त्रास नाही पण लेकरांना होऊ शकतो, लग्नाआधी पोरीकडच्यांशी बोला, तपासण्या असतात, उपाय असतात, एकदा येऊन बसा. "साहेब, मी रेड्यावानी धडधाकट हाय," पुंजाराम म्हणाला. "तुम्हाला काही होणारच नाही, म्हणून तर म्हणतो…" "दादाचा कागद दादापाशी राहू द्या. दादानं तो मान खाली घालून घेतला, वहिनीला घरात सुख लागलं, आईचं तोंड बंद झालं. सगळं बराबर बसून राह्यलंय. आता पत्रिका वाटून झाल्या. तुमी कशाला खोडा घालून राह्यले?" मग आवाज एकदम उतरला. "साहेब, अन् मी न्हाई म्हणलो तर तिला कुणीबी दुसरा करून घेईल, पण मला कोण देईल हो पोरगी?" फोन ठेवल्यावर मच्छिंद्र बूथच्या काचेच्या खोक्यात तसाच उभा राहिला, बाहेरच्या माणसाने काच वाजवेपर्यंत. सांगायचं काम झालं होतं. ज्याचं होतं त्याला सांगितलं, हात झटकले. मग सुटल्यासारखं का वाटेना? उलट त्याला पुंजारामचंही खरं वाटायला लागलं होतं, आणि हे म्हणजे अतीच झालं. ज्याचं ऐकावं त्याचं खरं. बिनबुडाचा लोटा झाला होता त्याचा.

पुढचे आठ-दहा दिवस त्याचा हात बिघडला. एका फोटोतलं सात नंबर कापताना कात्री सरळ मधून गेली. दुसऱ्या एकाच्या जोड्या त्याने तीनदा उचकटून पुन्हा चिकटवल्या. लॅबमध्ये कुणी सुई टोचून घ्यायला बसलं की तो विचारायचा, तुमचं नाव? बापाचं? गावात कुणी ओळखतं का? माणसं चिडायची. एका म्हाताऱ्याने "रक्त घेऊन राह्यले का सोयरीक जमवून राह्यले?" असं विचारलं. घरी दुर्गा म्हणाली, "अहो, तुमी जेवता जेवता बोटं मोजून राह्यले. कशाची मोजणी चाललीय?" तिला सांगावं असं ओठावर आलं होतं. पण ती लगेच म्हणाली असती, त्या पोरीला सांगा, किंवा म्हणाली असती, तुम्हाला काय करायचंय, आणि ती जे म्हणाली असती ते त्याला मग खरं वाटलं असतं. त्यापेक्षा नकोच. एका रविवारी तो उठला आणि थेट राजूरच्या जीपमध्ये जाऊन बसला. तिथून त्यांचं गाव दोन-तीन कोसांवर. जाऊन बोलायचं, रामरावशी बोलायचं, म्हणायचं, बाबा, तू एकदा खरं रक्त दे, तुझ्यात निघालं तर सगळंच सरळ होईल. सरळ होईल! म्हणजे आपण एका माणसात दोष निघावा म्हणून गणपतीला साकडं घालणार की काय? तो राजूरला उतरला, टेकडी चढून देवळात गेला, हात जोडले. आणि काय मागावं तेच सुचेना. बाहेर नारळवाल्यांची गर्दी, एक जोडपं नवस फेडायला आलेलं, बाईच्या कडेवर जावळाचं पोर. मच्छिंद्र पायरीवर अर्धा तास बसला, एक चहा घेतला, आणि परतीच्या जीपने जालन्याला आला. असा भित्रा माणूस जगात दुसरा नसेल, असं त्याने स्वतःला वाटेभर सुनावलं. सुनावून फरक पडत नाही.

लग्न चार दिवसांवर आलं तेव्हा, बुधवारी दुपारी, चौथ्या खोलीच्या दारात कौसल्या उभी राहिली. एकटी. पायातल्या चपला बाहेर काढल्या होत्या, हातात कापडाचे दोन नमुने होते. समोरच्याच कापडदुकानात बस्ता बांधायला दोन्ही घरची माणसं आली होती, गादीवर साड्यांचा ढीग पडला होता, आणि ती पाणी पिऊन येते म्हणून निसटली होती. मच्छिंद्रने पंखा लावला, पुन्हा बंद केला. टेबलावर कापलेले फोटो होते. ती बसली नाही.

"भाऊ, एक इचारते. खरं सांगा. सख्ख्या भावांचं रक्त एकच असतंय का?"

एवढ्या दिवसांत त्याने शंभर प्रश्न मनात घोळवले होते, हा त्यात नव्हता.

"भाऊजीनं रक्त दिल्तं हे मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "मी तिथंच बसले होते. घरचे म्हणले, रक्त एकच असतंय, मला खरं वाटलं. मंग कागद आला, अन् मला सुखच लागलं, खोटं कशाला बोलू. मीच हौसेनं बेबीचं जमवलं. म्हणलं, बहीण जवळ राहील. परवा हळद दळून राह्यले होते, अन् जात्यावर बसल्या बसल्या एकदम ध्यानात आलं बघा. रक्त एकच असंल, तर बेबीचं बी माझ्यावानीच व्हणार. अन् एकच नसंल, तर माझा कागद माझा न्हाईच. दोन्हीकडून भरडायची मीच हाय. दोन रात झोपले न्हाई. तुमी शिकलेले, तुमी सांगा."

जे त्याला इतके दिवस आकडे मांडून नीट मांडता आलं नव्हतं ते तिने जात्यावर बसून मांडलं होतं. मच्छिंद्रने सांगितलं. एकच नसतं. अगदी वेगळंही नसतं. तुमच्या मालकांमध्ये असेल किंवा नसेल, त्यांचं रक्त बघितल्याशिवाय सांगता येत नाही. ती ऐकत होती. "म्हंजी असंबी असंल, तसंबी असंल." "हो." "अन् भाऊजीचं?" इथे त्याला गप्प बसायला हवं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, अधिकार नाही. पण समोरची बाई त्या दिवशी बाकावर होती, तिला कोणाचं रक्त कुठल्या बाटलीत गेलं ते त्याच्याआधी माहीत होतं. तिच्यापासून लपवायचं काय? "त्यांचं पक्कं आहे," तो म्हणाला. आणि लगेच, घाईघाईने, "पण तरी मुलं होतात, ताई. काहींना होतात. दोन पडतात, तीन पडतात, एखादं चांगलं राहतं. तपासता येतं. लग्न मोडावंच असं काही नाही."

"ते बेबीला ठरवू द्या की," ती म्हणाली. "करायचं तर डोळे उघडे ठेवून करंल. मला कुणी इचारलं नव्हतं. भाऊजीच्या नावाचा कागद लिहून द्या."

"तुम्ही तोंडाने सांगून बघा ना आधी. सख्खी बहीण आहे."

कौसल्या त्याच्याकडे अशी बघत राहिली की त्याला आपण शाळेत न गेलेलं पोर आहोत असं वाटलं. "भाऊ, मी तोंडानं सांगितलं तर आमचा बाप काय म्हणंल? म्हणंल, हिची कूस उजवली न्हाई म्हणून बहिणीचं जमलेलं मोडायला निघाली. सासूबाई तर उभी चिरतील. बाईचं तोंड कुणी ऐकतंय का? कागद ऐकतेत. मला आलाय ना अनुभव."

"आणि तुमचं? एकदा मालकांना घेऊन या. त्यांच्यात निघालं तर तुमचा कागदही राहील."

"ते येतेत व्हय? तो कागद आल्यापासून ते माझ्या नजरंला नजर देत न्हाईत. आता कळलं की भावाचं रक्त एक नसतंय, तो त्यांचा न्हाई, तर पैले तेच गावभर सांगतील, मी चांगला हाय म्हणून. मंग तपासायला कशाला येतील?" ती हे रडून म्हणाली असती तर मच्छिंद्रला काहीतरी करता आलं असतं, पाणी देता आलं असतं. ती रडत नव्हती. तिचा आवाज फक्त जरा जास्त हळू झाला होता. "माझं काय व्हायचं ते नऊ वर्षं होऊन राह्यलंय. मला सवय हाय. तिला न्हाई. ती अजून आरशात बघून गाणे म्हणती."

मच्छिंद्र टंकलेखन यंत्रापाशी बसला. कोरा कागद लावला. नोकरीचं काय, डॉक्टरांना काय सांगायचं, पुंजारामचा फोनवरचा तो उतरलेला आवाज, 'मला कोण देईल हो पोरगी', सगळं एकदमच डोक्यात चालू होतं, आणि त्यातलं काही मिटलं म्हणून तो टाइप करायला लागला असं मुळीच नव्हतं. ती वाट बघत उभी होती आणि खाली माणसं तिला शोधत असतील, म्हणून त्याने टाइप केलं. पुंजाराम, वय सव्वीस. वय तिनेच सांगितलं. खाली तोच निकाल, अकरा आणि बावीस. त्याने चिकटवलेल्या जोड्यांच्या फोटोची दुसरी प्रत शोधून जोडली, सही केली. बरोबर करतोय का चूक, हे त्याला तेव्हा कळलं नाही आणि पुढेही कितीतरी वर्षं कळलं नाही.

तिने कागद घेऊन वरचं नाव एकेक अक्षर लावत वाचलं. मग पोलक्यातून एक घडी काढून टेबलावर ठेवली. घड्यांवर घड्या घालून कागद कापडासारखा मऊ झाला होता. रामरावच्या नावाचा. "हा तुमच्यापाशी राहू द्या," ती म्हणाली. "घरात असला की दाखवायचं मन व्हतंय."

मच्छिंद्र काहीतरी बोलायला गेला. तेवढ्यात खालून, रस्त्यावरून, खणखणीत हाक आली. "अक्का! अगं अक्का! हिरवा शालू घेऊ का जांभळा? सगळे तुझीच वाट बघून राह्यलेत!"

"आले, आले, थांब," कौसल्या खिडकीकडे तोंड करून म्हणाली, आणि कागद पदराखाली घेऊन जिना उतरायला लागली.